अभियंत्यांचा लढा आणि विजेचा ग्राहक

४ जानेवारी २०२३ रोजी महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती या राज्याच्या मालकीच्या तीन वीज कंपन्यांतील कर्मचारी, अधिकारी व अभियंते ७२ तासांच्या संपावर गेले. तीसच्या आसपास संघटना एका संघर्ष समितीत एकत्र आल्या होत्या, आणि सबऑर्डिनेट इंजिनिअर्स असोसिएशन ही अभियंत्यांची संघटनाही त्यांत सामील होती. या संपात पगारवाढीची वा भत्त्याची मागणी नव्हती. अदानी समूहातील एका कंपनीने भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजे, उरण या पट्ट्यात वीज वितरणाचा समांतर परवाना मिळावा म्हणून वीज नियामक आयोगाकडे अर्ज केला होता. त्या अर्जाला हा विरोध होता. सरकारने अत्यावश्यक सेवा कायद्याचा बडगा उगारला, परंतु त्याच दिवशी उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी संघटनांशी बोलणी केली. कंपन्यांचे खाजगीकरण करण्याचा सरकारचा विचार नाही आणि त्या अर्जाविषयी सरकार आयोगापुढे आपली भूमिका मांडेल, असे आश्वासन मिळाल्यावर संप मागे घेण्यात आला.

स्वतःसाठी काही न मागता सार्वजनिक मालकीच्या रक्षणासाठी सुशिक्षित, सुस्थित अभियंत्यांनी काम बंद ठेवावे, ही घटना सामान्य नाही. चळवळीने त्या संपाचे स्वागत केले ते योग्यच झाले. परंतु स्वागत करून थांबणे पुरेसे नाही. जो लढा एका दिवसात जिंकल्यासारखा वाटला तो वस्तुतः संपलेला नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात वीज कर्मचारी व अभियंत्यांना पुन्हा तीन दिवसांचा संप पुकारावा लागला, आणि त्याच महिन्यात केंद्र सरकारने वीज कायद्यातील दुरुस्तीचा नवा मसुदा पुढे आणला. एकाच क्षेत्रात अनेक वितरकांनी एकाच तारांच्या जाळ्यावर व्यापार करावा, ही २०२२ च्या विधेयकातील कल्पना या मसुद्यातही आहे. तेव्हा प्रश्न असा आहे की, पुढच्या खेपेस अभियंते रस्त्यावर उतरतील तेव्हा त्यांच्या पाठीशी कोण उभे असेल? सोलापूरसारख्या शहरात या प्रश्नाचे उत्तर फार दिलासा देणारे नाही.

प्रथम हे पाहिले पाहिजे की, ठाणे-नवी मुंबईतील परवान्याशी सोलापूरकराचा संबंध काय. वरवर पाहता काहीच नाही. सोलापूर मंडल महावितरणच्या बारामती परिमंडलात मोडते; पनवेल-उरण येथून शेकडो किलोमीटर दूर. परंतु विजेचा हिशेब राज्याचा एकच असतो. मोठे कारखाने, मॉल, कचेऱ्या आणि भरपूर वीज वापरणारी घरे यांच्याकडून सरासरी खर्चापेक्षा अधिक दर घेतला जातो. शेतीपंप आणि गरीब घरगुती ग्राहक यांना तो कमी पडतो. यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. उरलेली तूट राज्य सरकार अंदाजपत्रकातून भरते. यंत्रमागाची वीज सवलतही तशीच सरकारी तिजोरीतून येते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका वाहिनीवर दहा ग्राहक आहेत आणि ती चालविण्याचा खर्च १०० रुपये आहे. दोन मोठे ग्राहक प्रत्येकी ३० रुपये देतात आणि आठ लहान ग्राहक प्रत्येकी ५ रुपये. हिशेब जुळतो. उद्या नवा वितरक आला आणि ते दोन मोठे ग्राहक त्याने २५ रुपयांत नेले. त्या दोघांचे ५-५ रुपये वाचले, नव्या वितरकालाही नफा झाला. परंतु खांब, तारा, उपकेंद्र आणि लाइनमन तेथेच राहिले. ग्राहक दोन कमी झाले म्हणून जुन्या कंपनीचा खर्च दोन दशांशांनी कमी झाला असे जरी धरले, तरी ८० रुपये आठ लहान ग्राहकांवर पडतात आणि ५ चे १० होतात. स्पर्धेने दर उतरतात, हे विधान अर्धसत्य आहे. ते कोणाचे उतरतात आणि कोणाचे चढतात हे सांगितल्याखेरीज त्या विधानाला अर्थ नाही.

त्या आठ लहान ग्राहकांत सोलापूर येते. शहराच्या पूर्व भागातील चादर आणि टेरी टॉवेल विणणारे यंत्रमाग त्यांत येतात. ज्या सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला, ती विणणारा कामगार नगावर मजुरी घेतो; माग थांबला की मजुरी थांबते. विडी वळणाऱ्या स्त्रियांची घरे त्यांत येतात. कुंभारी येथे कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगारांची १० हजार घरांची वसाहत उभी राहिली, आणि रे नगरमधील पहिल्या १५ हजार घरांचे वाटप १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. असंघटित कामगारांनी लढून मिळविलेल्या या घरांत दरमहा न चुकता येणारी सरकारी कागदपत्रे फार थोडी असतात. विजेचे बिल हे त्यांतील एक. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा भागातील ऊस-डाळिंबाला पाणी देणारे पंपही त्यांतच येतात. तात्पर्य, ठाण्यातील परवान्याचे ओझे शेवटी ज्यांच्यावर पडेल, ते लोक येथे राहतात.

मग हे लोक ४ जानेवारीला संपकऱ्यांच्या बाजूने रस्त्यावर का दिसले नाहीत? याचे प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. गावातील डीपी जळाली की शेतकऱ्यांनी वर्गणी काढायची, आपल्याच ट्रॅक्टरमधून ती न्यायची आणि आणायची, हा ग्रामीण महाराष्ट्राचा जुना अनुभव आहे. पाण्याची पाळी रात्रीची आली की अंधारात, सापा-विंचवांतून बांधावर जायचे, हाही आहे. मीटर न पाहता सरासरीने आलेले बिल, दुरुस्तीसाठी मारलेले हेलपाटे आणि आधी भरा मग तक्रार करा हे उत्तर, हे शहरातील ग्राहकाच्या पदरी पडते. या ग्राहकाला सार्वजनिक कंपनीचा चेहरा म्हणून जो दिसतो तो शाखा कार्यालयातील अभियंता आणि त्याच्या हाताखालचा लाइनमन. धोरण मुंबईत ठरते, पैसा मंत्रालयात अडतो, रिकाम्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. परंतु शिव्या खातो तो शाखा अभियंता. महावितरणने लाइनमनला ‘जनमित्र’ असे नाव दिले खरे, पण मैत्री नावाने होत नाही.

खाजगीकरणाचे समर्थक नेमक्या याच असंतोषावर पोसले जातात. सरकारी कंपनी कामचुकार आहे, खाजगी आली की सुधारेल, एवढे सोपे उत्तर त्यांच्यापाशी तयार असते. त्या उत्तराची परीक्षा महाराष्ट्रात झालेली आहे. भिवंडी हेही सोलापूरसारखेच यंत्रमागाचे शहर. २००७ साली तेथील वितरण टोरंट कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून गेले. तेथील गळती पुष्कळ घटली, हे मान्य केले पाहिजे; त्याचबरोबर मीटर आणि बिले यांविषयी तेथे वारंवार आंदोलने झाली, हेही खरे. २०११ साली औरंगाबाद जीटीएलकडे, जळगाव क्रॉम्प्टन ग्रीव्हजकडे आणि नागपूरचा मोठा भाग एसएनडीएलकडे सोपविण्यात आला. औरंगाबादची व्यवस्था २०१४ मध्ये, जळगावची २०१५ मध्ये आणि नागपूरची २०१९ मध्ये महावितरणकडे परत आली. म्हणजे चार शहरांपैकी तीन ठिकाणी प्रयोग फसला आणि फसलेला संसार पुन्हा सावरण्याचे काम सरकारी कंपनीच्या अभियंत्यांवरच आले. हा इतिहास अभियंत्यांच्या संघटनेने गावोगाव सांगायला हवा. तो सांगण्याचा अधिकार आणि त्यासाठी लागणारी आकडेवारी तिच्याइतकी दुसऱ्या कोणापाशी नाही.

येथे संघटनेच्या स्वरूपाचाच प्रश्न उभा राहतो. अभियंत्यांच्या संघटनांचे नित्याचे कामकाज सर्वांना ठाऊक आहे. बदल्या, बढत्या, सेवाज्येष्ठतेची यादी, वेतन करार, वार्षिक अधिवेशन, मंत्र्यांचा सत्कार, १५ सप्टेंबरला सर विश्वेश्वरय्या यांच्या प्रतिमेला हार आणि रक्तदान शिबिर. यांतील कोणतीही गोष्ट वाईट नाही. सेवाशर्तींचे रक्षण न करणारी संघटना टिकणार नाही. परंतु विश्वेश्वरय्यांचे स्मरण करताना एवढे ध्यानात ठेवावे की, ते आपल्या सेवेचा मोठा काळ मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते, आणि दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी जी गटवार सिंचनाची पद्धत मांडली तिच्यामागे थोडे पाणी अधिक शेतकऱ्यांत कसे वाटावे हा विचार होता. यंत्रशास्त्र जाणणाऱ्याने वाटपाचा प्रश्न आपला मानला, हे त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे.

विजेच्या बाबतीत तर वाटपाचा हा विचार या देशाच्या धोरणात आरंभीच घातला गेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीजविषयक धोरण समितीचे कामही त्यांच्याकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे, आणि ती नफ्यावर सोडता येणार नाही, ही त्यांची दिशा होती. १९४८ च्या कायद्याने राज्यांच्या वीज मंडळांची वाट मोकळी केली आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. २००३ च्या वीज कायद्यानंतर जून २००५ मध्ये त्या मंडळाचे तुकडे झाले. मंडळाच्या काळात जे खेड्यापाड्यांत पोहोचले ते खाजगी भांडवलाने पोहोचविले नसते. कारण ज्या वस्तीत तारेच्या खर्चाइतकेही बिल येत नाही तेथे खांब कोण रोवणार?

अभियंत्यांच्या ज्ञानाचे सामर्थ्य किती असते, हे सोलापूरकरांना दूर जाऊन पाहण्याची गरज नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर या ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिणेचे वीज जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले आणि सारा देश एका ग्रिडवर आला. जिल्ह्यातच एनटीपीसीचे १३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र उभे आहे आणि त्याला पाणी उजनीचे लागते. म्हणजे देशाच्या वीजव्यवस्थेतील एक महत्त्वाची गाठ या दुष्काळी जिल्ह्यात आहे. वीज येथून जाते, पाणी येथले लागते. पण येथील शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी यासाठी सौर कृषी वाहिनी योजनेच्या पूर्ततेकडे डोळे लावून बसावे लागते. ही विसंगती समजावून सांगणे हे अभियंत्याचे काम नाही काय?

महाराष्ट्रात एकदा ज्ञान आणि जनआंदोलन यांची गाठ पडली होती. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा वीज खरेदी करार १९९३ साली झाला, तेव्हा त्यातील गणित सामान्य माणसाच्या आवाक्यातले नव्हते. पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेतील गिरीश संत आणि त्यांचे सहकारी हे स्वतः अभियंते. त्यांनी कराराचे आकडे सोडवून दाखविले. मृणाल गोरे यांच्यासारख्या नेत्यांनी तो प्रश्न लोकांत नेला. कामगार संघटनांनी विरोध संघटित केला. २००१ च्या मे महिन्यात मंडळाला ती महागडी वीज घेणे थांबवावे लागले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एन्रॉनने दिवाळे काढले. ज्यांनी आरंभी धोक्याची सूचना दिली त्यांचे गणित बरोबर निघाले, पण तोवर जनतेचा पैसा गेला होता.

याच्या उलट उदाहरणही आहे. २०१२ साली पाटबंधारे खात्यातील मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचन प्रकल्पांतील गैरव्यवहाराविषयी राज्यकर्त्यांना पत्र लिहिले. त्यातून राज्याचे राजकारण ढवळून निघाले, श्वेतपत्रिका निघाली, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. पांढरे यांचे धैर्य मोठे होते; परंतु एका अधिकाऱ्याला एकट्याने एवढा धोका पत्करावा लागावा, ही व्यवस्थेची लाजिरवाणी बाजू आहे. संघटना असते ती कशासाठी? एकट्याला जे सत्य परवडत नाही ते सर्वांनी मिळून बोलता यावे यासाठीच. बदलीच्या प्रश्नावर जी संघटना एका दिवसात मोर्चा काढू शकते, तिला गळतीच्या खोट्या आकड्यांवर एक निवेदन काढता येऊ नये, हे पटण्यासारखे नाही.

गळतीचा हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे गेली अनेक वर्षे सांगत आले आहेत की, मीटर नसलेल्या किंवा मीटर न वाचलेल्या शेतीपंपांच्या नावावर वाढीव वापर दाखविला जातो आणि चोरी व गळती त्याखाली झाकली जाते. शेतकऱ्याच्या नावाने फुगविलेला आकडा शेवटी इतर ग्राहकांच्या दरात आणि सरकारी अनुदानात उतरतो, आणि बदनाम होतो तो शेतकरी. कोणत्या वाहिनीवर किती युनिट गेले आणि किती युनिटांचे बिल झाले, हे शाखा अभियंत्याला ठाऊक असते. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल सरकार भरते. तेव्हा तर हा हिशेब उघडा असणे अधिकच आवश्यक झाले आहे. कारण बिल पाहणारा ग्राहकच उरला नाही, तर आकड्यावर लक्ष ठेवणार कोण?

स्मार्ट मीटरच्या प्रश्नातही हेच दिसले. सव्वादोन कोटींच्या आसपास प्रीपेड मीटर बसविण्याची कंत्राटे दिली गेली. ग्राहकांनी ओरड केली, कर्मचारी संघटनांनीही विरोध केला, आणि २०२४ च्या जूनमध्ये सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असे सरकारला जाहीर करावे लागले. ग्राहक आणि कर्मचारी एका बाजूला आले की सरकार मागे सरते, याचा हा ताजा दाखला आहे. पुढे मीटर बदलण्याचे काम दुसऱ्या नावाने चालू राहिले, कारण ती एकजूट प्रसंगापुरती होती.

म्हणून अभियंत्यांच्या संघटनेने काही गोष्टी स्वतःहून कराव्यात. दरवर्षी अभियंता दिनाला सोलापूर मंडलाचा साधा मराठीतील ताळेबंद लोकांपुढे ठेवावा. वर्षात किती डीपी जळाल्या, त्या किती तासांत बदलल्या, कोणत्या वाहिनीवर किती गळती आहे, किती जागा रिकाम्या आहेत, किती अपघात झाले, हे त्यात असावे. ठरावीक मुदतीत सेवा मिळाली नाही तर ग्राहकाला भरपाई मागता येते, हे आयोगाच्या नियमांतच आहे. ते ग्राहकाला अभियंत्यानेच सांगितले, तर त्याच्याविषयीचा निम्मा राग मावळेल. दरवाढीच्या जाहीर सुनावणीत संघटनेने कंपनीच्या व्यवस्थापनाहून स्वतंत्र असे आपले म्हणणे मांडावे. आणि कंत्राटी कामगारांना आपले मानावे. परमिट घेतले की नाही याची खात्री न करता खांबावर चढविला जाणारा आणि विजेच्या धक्क्याने मरणारा कामगार बहुधा कंत्राटी असतो. त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी कामावर देखरेख करणाऱ्या अभियंत्यावर येते. त्याला कायम करण्याच्या मागणीत अभियंत्यांची संघटना आघाडीवर असली पाहिजे.

आणि समाजवादी कार्यकर्त्यांचे काय? अभियंता म्हणजे साहेब, तो आपला नव्हे, ही जुनी अढी सोडली पाहिजे. त्याचबरोबर, संपाच्या दिवशी पाठिंब्याचे पत्रक काढले की कर्तव्य संपले, ही सवयही सोडली पाहिजे. पूर्व भागातील यंत्रमाग कामगारांच्या, विडी कामगारांच्या आणि शेतकऱ्यांच्या बैठकीला शाखा अभियंत्याला बोलवावे. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी नव्हे, तर बिलाचा, वाहिनीचा आणि दराचा हिशेब समजून घेण्यासाठी. प्रत्येक वस्तीत विजेचे बिल वाचता येणारे आणि ग्राहक गाऱ्हाणे मंचापुढे अर्ज करू शकणारे दोन-चार कार्यकर्ते तयार करणे हे निवडणुकीच्या कामाहून कमी महत्त्वाचे नाही.

संप हे वीज कामगारांचे अखेरचे शस्त्र आहे आणि ते धारदार आहे, कारण त्याने अंधार होतो. परंतु मोठ्या कारखान्यापाशी जनरेटर असतो, मंत्र्याच्या बंगल्यावर पर्यायी व्यवस्था असते. नगावर मजुरी घेणाऱ्या विणकराचा माग मात्र थांबतो. म्हणून ते शस्त्र जपून वापरावे लागते, आणि ज्याचा माग थांबणार आहे त्याला संपाचे कारण आधी पटलेले असावे लागते. नवा मसुदा कायदा होईल तेव्हा सरकार अभियंत्यांना विचारणार नाही. ते ग्राहकाला विचारल्याचे सोंग करील आणि त्याच्या रागाचाच दाखला देईल. त्या वेळी सोलापूरचा विणकर, विडी कामगार आणि शेतकरी काय म्हणेल, ते आज शाखा कार्यालयाच्या खिडकीवर त्याला काय उत्तर मिळते त्यावर अवलंबून आहे.